पाणी कोण नेतं

अण्णांच्या हाताखाली काम केलेला कुणीही माणूस गाठा, तो एक गोष्ट हमखास सांगेल. अण्णा पेन उसनं द्यायचे, पण टोपण स्वतःच्या खिशात ठेवून. म्हणजे घेणाऱ्याला पेनाची आठवण राहो न राहो, अण्णांना राहायचीच. तोंडावर सगळे त्यांना अण्णा म्हणत. पाठीमागे त्यांचं नाव होतं 'कॅमेरा'.

हा स्वभाव काही जन्मापासूनचा नव्हता. मिसरूड फुटलं त्या वयात ते एका फ्रिज दुरुस्तीच्या कारखान्यात लागले होते. तिथले उस्ताद कामाला पक्के. त्यांनी पहिल्याच आठवड्यात अण्णांना सांगितलं होतं, "थंडी म्हणून काही बनवता येत नाही बरं का. असते ती उष्णता. ती इथून उचलायची आणि तिथे नेऊन टाकायची. आपण हमाल आहोत." अण्णांना ते फार पटलं. ते मन लावून शिकले. मग एके दिवशी तांब्याच्या नळीचं नवं कोरं भेंडोळं कपाटातून नाहीसं झालं. आदल्या संध्याकाळी कपाट अण्णांनी बंद केलं होतं, म्हणून आळ अण्णांवर आला आणि त्यांना काढून टाकलं. पुढे कळलं की भेंडोळं उस्तादांच्या पुतण्यानं लांबवलं होतं. उस्तादांनाही ते कळलं होतं. पण त्यांनी ना अण्णांना परत बोलावलं, ना कधी रस्त्यात भेटल्यावर तो विषय काढला.

तेव्हापासून अण्णांनी एक खूणगाठ बांधली. वस्तूला आपोआप पाय फुटत नाहीत. वस्तू गेली म्हणजे कुणीतरी नेली. आणि ज्यानं नेली तो बहुतेक वेळा आपल्याशी हसून बोलणाऱ्यातलाच असतो.

फ्रिजवरून अण्णा कॉम्प्युटरकडे कसे वळले ते सांगायला फार वेळ लागेल. थोडक्यात, उष्णता उचलणारी माणसं तिथेही लागत होती. ज्या कंपनीत ते अखेर स्थिरावले, ती कार्टूनच्या जाहिराती बनवायची. वरच्या मजल्यावर मुलं-मुली चित्रं काढत, आणि ती चित्रं एकामागोमाग जोडून हलती करायचं दमछाकीचं काम तळघरातल्या यंत्रांच्या रांगेकडे असे. प्रोसेसर हा बिस्किटाएवढा चौकोन, पण असं काम अंगावर घेतलं की तो तव्यासारखा तापतो. जास्त तापला की आधी रेंगाळतो, मग बंद पडतो. म्हणून त्याच्या डोक्यावर धातूच्या पातळ पत्र्यांचा ठोकळा बसवतात, दोघांच्या मध्ये करड्या मलमाचा थर देतात आणि वर पंखा लावतात. मलम उष्णता ठोकळ्याकडे पोचवतं, ठोकळा ती पत्र्यांवर पसरतो, पंखा उडवून लावतो.

हे पंखे पुरवायचा अण्णांचा साडू. अण्णांच्या धाकट्या मेव्हणीचा नवरा. बाजारात त्याचं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि पंख्यांच्या बाबतीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. नुसत्या आवाजावरून तो सांगायचा की कुठल्या पंख्याचं बेअरिंग गेलंय. माणूस गप्पिष्ट, बायकोच्या माहेरी लाडका. तो अण्णांना "अण्णा" म्हणे, "तुम्ही" म्हणे, आणि जेवायला बसताना त्यांच्यासाठी पाट नसला तरी जागा पुसून देई. अण्णांना त्याचा हा गोडवा नेहमीच जरा जास्त वाटायचा.

पुढचं सगळं एका भिंतीवरून सुरू झालं. तळघरातच यंत्रांच्या खोलीला लागून आवाज मुद्रित करायची खोली होती. तिथे एकदा एका कलाकार बाई मुंगीचे संवाद म्हणत होत्या. मुंगी आजारी, त्यामुळे संवाद सगळे कुजबुजत. मुद्रण ऐकलं तर मुंगीच्या मागे पीठगिरणी चालल्यासारखी घरघर. मुद्रण करणारी मुलगी वैतागून मालकीणबाईंकडे गेली. मालकीणबाईंनी अण्णांना बोलावलं आणि सोबत साडूलाही.

"मोठे पंखे लावू," साडू म्हणाला. "मोठा पंखा सावकाश फिरतो, आवाज निम्म्यावर येतो. ठोकळेही उंच घेऊ, तांब्याच्या नळ्यांचे."

"निम्म्यावर येऊन काय होणार? मुंगी कुजबुजतेय," अण्णा म्हणाले. "पाणी खेळवू. प्रोसेसरवर पोकळ ठोकळा, त्यातून पाणी फिरवायचं. पाणी उष्णता घेऊन नळीतून बाहेर जाईल, जिन्याखाली बारीक नळ्यांची जाळी लावू, तिथे पंखे लावून ती थंड करू. खोलीत आवाजच नाही."

साडूनं डोकं हलवलं. "अण्णा, पंखा बंद पडला तर आवाज थांबतो, माणसाला कळतं. पाणी गळलं तर जळाल्याच्या वासावरून कळतं."

"गळणार नाही," अण्णा म्हणाले. "मी जोडणार आहे."

मालकीणबाईंनी अण्णांचं ऐकलं. साडूकडे फक्त जिन्याखालच्या जाळीचे पंखे राहिले, आणि महिन्यातून एखादी फेरी. जाताना तो हसत म्हणाला, "चला, मला जिन्याखाली टाकलंत." अण्णाही हसले, पण ते वाक्य त्यांनी मनात घडी घालून ठेवलं.

काम सुरेख झालं. नळ्या अण्णांनी स्वतः निवडल्या होत्या. मऊ, दुधी रंगाच्या सिलिकॉनच्या, कशाही वळवा, घडी पडत नाही. यंत्रं चालू असताना खोलीत उभं राहिलं तर स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकू येई. मुंगीनं सगळे संवाद पुन्हा म्हटले आणि मुद्रणवाल्या मुलीनं स्वतः येऊन अण्णांना चहा दिला. अण्णा काही दिवस छाती काढून हिंडत होते.

मग एके सकाळी त्यांना टाकीतलं पाणी कमी दिसलं. प्रत्येक यंत्राला नळ्यांच्या वाटेवर एक छोटी पारदर्शक टाकी होती. अण्णांनी खाली वाकून पाहिलं. सांधे कोरडे. फरशी कोरडी. त्यांनी पाणी भरलं आणि काळ्या मार्करनं टाकीवर रेघ मारली. काही आठवड्यांनी पाणी रेघेच्या खाली होतं. फक्त एका यंत्राचं नाही, सगळ्यांचं.

अण्णांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यांनी आधी प्रत्येक सांध्याला टिश्यू पेपर गुंडाळले. गळती असेल तर कागद ओला होईल. कागद ठणठणीत कोरडे राहिले आणि पाणी उतरतच राहिलं. आता कुठेतरी पाणी मुरतंय असं आपण सहज म्हणतो. अण्णा ते शब्दशः शोधत होते. गळत नाही, तरी जातंय. म्हणजे कुणीतरी काढतंय.

खोलीत कोण येतं याचा त्यांनी तपास सुरू केला. झाडणाऱ्या मावशींना गाठून विचारलं, "मावशी, माझ्यामागे या खोलीत कोण येतं?"

मावशींनी विचार केला. "तुमच्यामागे कुणी नाही. तुम्हीच येता. सारखे येता."

अण्णांनी दाराला बारीक दोरा चिकटवून पाहिला. दुसऱ्या दिवशी दोरा तुटलेला होता, पण तो मावशींच्याच झाडूला अडकलेला सापडला. "जाळं झालं होतं," मावशी म्हणाल्या.

यात एक जाहिरात अडकली. पाणी एका टाकीत तळाला गेलं, पंपानं हवा ओढली, प्रोसेसर तापला आणि यंत्र मध्येच बंद पडलं. गिऱ्हाईक वर येऊन बसलेलं. मालकीणबाई तळघरात आल्या, टाकीकडे बघत म्हणाल्या, "अण्णा, यातलं पाणी गेलं कुठे?"

"बघतो," अण्णा म्हणाले. त्यांचे कान तापले होते.

"तुमचे साडू म्हणाले होते पंखेच बरे म्हणून," त्या जाता जाता म्हणाल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं. पण अण्णांना जो धागा सापडत नव्हता तो बाईंनी जणू हातात आणून दिला. पाण्याचं नाव खराब झालं तर कुणाचा फायदा? जिन्याखाली कुणाला टाकलंय? महिन्यातून एकदा खोलीत हक्कानं कोण येतं?

पुढच्या फेरीला साडू आला तेव्हा अण्णा डोळ्यात तेल घालून होते. साडूनं नेहमीप्रमाणे मेव्हणीचा निरोप सांगितला, सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरल्याचं सांगितलं, पंख्यांची धूळ उडवली. मग तो हात धुवायला गेला. त्याची पिशवी जिन्याच्या पायरीवर उघडीच होती. अण्णांनी वाकून पाहिलं. पेचकस, ब्रश, फडकं, आणि एक भली मोठी सिरिंज. इंजेक्शनची, पण सुई नसलेली.

अण्णा सरळ झाले. टाकीचं झाकण काढायचं, सिरिंजनं पाणी ओढायचं, झाकण लावायचं. थेंब सांडत नाही, कागद ओला होत नाही. त्यांच्या मनात चित्र इतकं स्वच्छ उमटलं की जणू त्यांनी ते पाहिलंच होतं. साडू परत आला, हात पुसत म्हणाला, "अण्णा, चेहरा का उतरलाय? जेवलात ना?"

"जेवलो," अण्णा म्हणाले.

घरी बायकोला त्यांनी काही सांगितलं नाही. बहिणीबहिणींच्या पोटात काही राहत नाही असं त्यांचं मत होतं. ते आतल्या आत कढत राहिले. साडूचा प्रत्येक जुना शब्द बाहेर काढून उलटापालटा करून पाहू लागले. जागा पुसून देतो, का? अण्णा अण्णा करतो, का?

सासूबाईंचं ऑपरेशन नीट पार पडलं. त्या घरी आल्या त्या दिवशी दोन्ही लेकी, दोन्ही जावई त्यांच्या खोलीत जमले होते. सासूबाई डोळ्यावर हिरवं फडकं लावून पलंगावर, मेव्हणी औषधाच्या बाटल्या लावतेय, साडू काहीतरी विनोद सांगून सासूबाईंना हसवतोय. हसवू नका, डोळ्याला ताण येईल, म्हणून अण्णांची बायको त्याला दटावतेय. सगळं कसं छान चाललेलं. तेवढ्यात साडू सहज म्हणाला, "अण्णा, तुमच्या पाण्याचं काय झालं? सापडलं का?"

अण्णांना वाटलं, हा चक्क खिजवतोय.

"सापडेल," ते म्हणाले. "ती सिरिंज कशाला लागते तुला?"

"कुठली सिरिंज?"

"पिशवीत असते ती. पाणी काढायला बरी पडत असेल."

साडूला समजायला एक क्षण लागला. ते समजणं त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू पसरताना सगळ्यांनी पाहिलं, एक सासूबाई सोडून.

"तेल असतं त्यात," तो म्हणाला. "पंख्यांच्या बेअरिंगला तेल देतो मी. तुमच्याच पंख्यांना. तुम्ही माझी पिशवी बघितलीत?"

साडूनं चपला घातल्या. मेव्हणी हातातली बाटली तशीच ठेवून त्याच्यामागे निघाली. दारात वळून तो म्हणाला, "येतो साहेब." आजवर त्यानं अण्णांना कधी साहेब म्हटलं नव्हतं.

"कोण गेलं?" सासूबाईंनी फडक्याआडून विचारलं.

त्या दिवसापासून दोन घरांचं येणंजाणं बंद झालं. बहिणी आईकडे वेगवेगळ्या वेळी जाऊ लागल्या. साडूनं फेरी बंद केली, पंख्यांची देखभाल दुसऱ्या कुणाकडे द्या असा निरोप मालकीणबाईंना पाठवला. अण्णांनी यंत्रांच्या खोलीचं कुलूप बदललं. किल्ली एकच, ती त्यांच्या करदोट्याला. आता चोर बाहेर आणि पाणी आत.

पाणी उतरत राहिलं.

तुम्हीआम्ही इथे थांबलो असतो. अण्णा थांबले नाहीत. संशय असा असतो की एक माणूस त्यातून निसटला की तो रिकामा बसत नाही, दुसरा शोधतो. किल्ली एकच, ती रात्री उशाशी. उशाशी कोण असतं? बायको. बायकोची बहीण कोण? त्यांनी दोन दिवस दम धरला आणि मग भाजी चिरणाऱ्या बायकोला विचारलं, "माझी किल्ली कधी कुणाला दिली होतीस?"

तिनं विळी बाजूला केली. तिला प्रश्न पूर्ण समजला होता. "आता माझी पिशवी बघा," ती म्हणाली. "ती खुंटीला आहे. बघून झाली की सांगा, मला आईकडे जायचंय. तिच्या डोळ्यात थेंब घालायला कुणी तरी हवंय, आणि इथे कुणाची गरज दिसत नाही."

ती गेली. भांडून नाही, डबा करून ठेवून गेली. ते अण्णांना जास्त लागलं.

घरी एकटे असताना त्यांना आठवण झाली ती राखीव संचाची. पुन्हा एखादं यंत्र बंद पडलं तर धावपळ नको म्हणून त्यांनी पाणी भरलेली एक टाकी आणि तिच्या नळ्या, दोन्ही टोकं घट्ट बंद करून, केव्हाच तयार ठेवल्या होत्या. कचेरीत ठेवल्या तर कुणीतरी हात लावेल, म्हणून घरच्या लोखंडी कपाटात, स्वतःच्या कोटामागे. या कपाटाची किल्लीही त्यांच्याचकडे. या संचाबद्दल त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

त्यांनी तो बाहेर काढला आणि उजेडात धरला. नळीत बोटभर हवा होती. टाकीतलं पाणी काळ्या रेघेच्या खाली गेलं होतं.

अण्णांच्या मनात पहिला विचार आला तो असा: ती दुपारी घरी येऊन गेली असेल. म्हणजे बायको आईच्या डोळ्यात थेंब घालून, शहर ओलांडून, दुसरी किल्ली करवून, कोट बाजूला सारून, दोन चमचे पाणी काढून, टोक पुन्हा आवळून, कोट जागेवर लावून परत गेली असेल. हा विचार त्यांनी पूर्ण केला. पूर्ण केला म्हणूनच तो किती वेडा आहे ते त्यांना दिसलं. ते संच मांडीवर घेऊन खाटेवर बसले.

मग त्यांनी नळीचा हातभर तुकडा कापला, पाण्यानं भरला, दोन्ही टोकं तारेनं आवळली आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. वजन बघितलं. तुकडा टेबलावर ठेवला, डोळ्यासमोर. रोज कामावरून आले की आधी तो जोखायचा. घरात दुसरं कुणी नव्हतं. अण्णांना नको असलेली सगळी माणसं आता दूर होती, आणि काट्यावरचा आकडा खाली खाली येत होता. तुकड्याला हात लावला तर तो कोरडा. ओठाला लावला तर कोरडा. तरी पाणी जात होतं. नळीच्या अंगातून, न दिसणारी वाफ होऊन, कुणीही न नेता.

खात्री झाली तेव्हा त्यांना हायसं वाटलं नाही. चोर सापडला असता तर वाटलं असतं.

आधी ते सासूबाईंकडे गेले, कारण बायको तिथे होती. तिला ओसरीत बोलावून त्यांनी नळीचा तुकडा दाखवला आणि काय झालं ते सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला नका दाखवू. मी कुठे म्हटलं होतं की मी नेलंय."

दुसऱ्या दिवशी ते बाजारात साडूच्या दुकानात गेले. दुकानात गिऱ्हाईक होतं. साडूनं त्यांच्याकडे पाहिलं आणि गिऱ्हाईकाशी बोलणं चालू ठेवलं. अण्णा पंख्यांच्या खोक्यांजवळ उभे राहिले. गिऱ्हाईक गेलं.

"बोला साहेब," साडू म्हणाला.

अण्णांनी तुकडा काउंटरवर ठेवला. साडूनं तो उचलला, दाबून पाहिला, वास घेतला.

"सिलिकॉन," तो म्हणाला. "फुग्यातली हवा जाते तसं जातं यातून. गाठ कितीही पक्की मारा. जाड काळं रबर घ्यायला हवं होतं. त्यातूनही जातं, पण थोडं, कधीतरी भरावं लागतं एवढंच."

"तुला ठाऊक होतं?"

"मला कुठे दाखवल्या होत्या नळ्या? मी जिन्याखाली होतो. विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

"माझं चुकलं," अण्णा म्हणाले. हे दोन शब्द त्यांना कुणी कधी म्हणून दाखवले नव्हते, त्यामुळे त्यांचा सूर कसा लावायचा हे त्यांना माहीत नव्हतं. ते जरा मोठ्यानंच बोलले गेले.

साडू तुकडा बोटाभोवती गुंडाळत राहिला. "इथे नको," तो म्हणाला. "इथे तुम्ही आणि मी. ते चारचौघांत बोलला होतात. हेही तिथेच बोला."

"बोलतो."

"आणि बायकोपुढे. माझ्या. तिनं महिनाभर आईकडे तोंड लपवून जायचं, हे का म्हणून?"

रविवारी सगळे सासूबाईंच्या खोलीत जमले. साडू आला, पण दाराजवळच्या खुर्चीत बसला. अण्णा उभे राहिले. त्यांनी नळीपासून सुरुवात केली, पाणी रबरातून कसं जातं, सिलिकॉन आणि काळं रबर यांत काय फरक, असं बरंच काही सांगू लागले. शेवटी बायको म्हणाली, "अहो, ते नळीचं राहू दे."

अण्णा थांबले. "यानं काही केलं नव्हतं," ते साडूकडे न बघता म्हणाले. "मी त्याची पिशवी चोरून बघितली. त्याच्यावर आळ घेतला. हिच्यावरही घेतला."

"हिच्यावरही?" मेव्हणीनं बहिणीकडे पाहिलं. हे तिला ठाऊक नव्हतं. बहिणी वेगवेगळ्या वेळी येत होत्या ना. दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि आतून दबका आवाज येत राहिला, आधी रागाचा, मग हसण्याचा. बाहेर दोन्ही साडू जमिनीकडे बघत बसले होते. सासूबाईंचा डोळा आता बरा झाला होता. त्या दोघांना आळीपाळीनं न्याहाळत होत्या आणि त्यांना जे दिसत होतं ते फारसं आवडल्याचं वाटत नव्हतं.

तळघरात काळ्या नळ्या बसल्या. त्या मऊ नव्हत्या, वळवताना अण्णांच्या अंगठ्याची सालं निघाली. जाळीच्या पंख्यांकडे बघायला साडू पुन्हा येऊ लागला, कारण मालकीणबाईंनी त्याला स्वतः फोन केला. यंत्रं बंद पडेनाशी झाली. मधूनमधून पाणी थोडं उतरे, अण्णा ते भरत.

बायको घरी परतली ती आपल्या वेळेनं. अण्णांचा स्वभाव पालटला असं कुणी म्हणालं तर तिला हसू येई. कचेरीत काही सापडेनासं झालं की ते अजूनही आधी माणसांचे चेहरे बघत. फक्त आता ते घरी येऊन तिला सांगत, अमक्यानं तमकं नेलं असं मला वाटतंय, आणि ती विचारी, "नेलं, की गेलं?" मग अण्णा जेवता जेवता थांबत आणि विचार करत. पुष्कळदा उत्तर 'नेलं' असंच येई.

साडूनं त्यांच्याशी बोलणं टाकलं नाही. हवापाण्याचं, पंख्यांचं, सासूबाईंच्या चष्म्याच्या नंबराचं तो मोकळेपणानं बोले. एखाद्या दिवशी दोघं जिन्याखाली जाळीसमोर आपापला तळहात धरून उभे राहत, खोलीतल्या यंत्रांतून पाण्यानं वाहून आणलेली ऊब पंखे बाहेर ढकलत आहेत की नाही ते बघायला. "येतेय ना?" अण्णा विचारत.

"येतेय साहेब," साडू म्हणे. 'अण्णा' हे त्याच्या तोंडी पुन्हा कधी आलं नाही.